मुलांच्या पदवीदानाला जाताना: आईबाबांची तयारी

सगळ्यात आधी मुलीला किंवा मुलाला एक प्रश्न विचारा: समारंभ विद्यापीठाचा आहे की कॉलेजचा? मुंबई, पुण्यासारख्या विद्यापीठांत एका वर्षाला लाखाच्या घरात पदव्या दिल्या जातात. एवढ्या सगळ्यांना मंचावर बोलावणं शक्यच नसतं. विद्यापीठाच्या मुख्य दीक्षांत समारंभात मंचावर जातात ते बहुधा पीएचडीवाले आणि सुवर्णपदकवाले. बाकीच्यांना अधिष्ठाते, म्हणजे डीन, विद्याशाखेच्या नावाने सादर करतात, मुलं जागेवर उभी राहतात आणि सगळ्यांना एकदमच पदवी बहाल होते. नाव पुकारून, हातात कागद देऊन, पाहुण्यांबरोबर फोटो काढला जातो तो कॉलेजच्या पदवी वितरण समारंभात. हे ठाऊक नसलं की गावाहून गाडी करून आलेलं कुटुंब तीन तास मान उंचावून बसतं आणि आपलं नाव काही येत नाही. सुट्टी एकाच दिवसाची मिळणार असेल तर ती कॉलेजच्या समारंभासाठी ठेवा.

दुसरं म्हणजे अर्ज. पास झालं की पदवी आपोआप घरी येते, असा बऱ्याच घरांत समज असतो. पदवीसाठी वेगळा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, त्याची फी असते, मुदत असते. त्यात ‘प्रत्यक्ष उपस्थित’ की ‘अनुपस्थितीत’ असा पर्याय असतो. घाईत अनुपस्थितीचा पर्याय निवडला की समारंभाच्या यादीत नाव येत नाही, आणि हे समजतं ते समारंभाचे प्रवेश-पास घ्यायला गेल्यावर.

अर्जात आईवडिलांनी खरोखर लक्ष घालावं अशी जागा म्हणजे देवनागरीतलं नाव. आपल्याकडच्या अनेक पदवीपत्रांवर नाव मराठीतही छापतात, काहींवर आईचं नावही असतं. रोमन स्पेलिंगवरून संगणक देवनागरी तयार करतो तेव्हा काळेंचे काले होतात, साठेंचे साथे होतात, आणि शीतलची शितल तर हमखास होते. मुलं फॉर्म मोबाइलवर भरतात, दिसेल ते ‘ओके’ करतात. एका संध्याकाळी शेजारी बसा आणि नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही चारही शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः ताडून पाहा. लग्न झालेल्या मुलीच्या पदवीवर सासरचं नाव यावं असा आग्रह धरू नका. गुणपत्रिकेवर जे नाव, तेच पदवीवर राहू द्या. दोन कागदांवर दोन नावं असली की पुढे पासपोर्टपासून नोकरीच्या पडताळणीपर्यंत शपथपत्रं करत बसावं लागतं.

पास, प्रवास, बसण्याची जागा

बहुतेक ठिकाणी एका विद्यार्थ्यामागे दोनच पास मिळतात. मग आजी, मावशी, धाकटा भाऊ यांचं काय, हा घरातला खरा पेच. तो समारंभाच्या सकाळी सोडवायचा नाही, आठवडाभर आधी सोडवायचा. आत जाणारे दोघं कोण हे मुलीलाच ठरवू द्या. तिने आईबरोबर बाबांऐवजी आजीचं नाव घेतलं, तर बाबांनी ते मनाला लावून घेऊ नये. बाकीच्यांसाठी थेट प्रक्षेपणाची लिंक आधीच मागून ठेवा. बरीच विद्यापीठं समारंभ यूट्यूबवर दाखवतात, आणि आजीला घरच्या टीव्हीवर तो सभागृहातल्या शेवटच्या रांगेपेक्षा कितीतरी नीट दिसतो.

ज्येष्ठांना नेणार असाल तर मुलाला एक फेरी मारून तीन गोष्टी बघून यायला सांगा: सभागृहाला किती पायऱ्या आहेत, स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे, मांडव उघडा आहे की बंदिस्त. विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारीनंतर पत्र्याच्या मांडवात दुपारी बारा वाजता बसणं सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. मधुमेह असेल तर दोन बिस्किटं आणि गोळ्या खिशात ठेवा, पर्समध्ये नकोत. राज्यपाल किंवा केंद्रीय मंत्री येणार असतील तर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या दाराशीच ठेवायला लावतात. अशा वेळी दरवाजेही पाहुणे यायच्या बऱ्याच आधी बंद होतात. निमंत्रणात अकराची वेळ असेल तर साडेनऊला फाटकाशी हजर असणं बरं.

एसटीने येणाऱ्यांसाठी एक सोय: राज्यातल्या एसटी प्रवासात महिलांना निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. आजोबांचं आधार कार्ड बरोबर घ्यायला विसरू नका.

घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर होत असेल तर आईवडील स्वतःच मागे सरतात. “आम्ही अडाणी माणसं, तिथं येऊन काय करणार?” असं म्हणतात. त्यांना न्यायचंच. त्यासाठी मुलाने पुढाकार घ्यायचा आणि त्यांची भीती कामाच्या गोष्टींनी घालवायची: आत कुठून जायचं, कुठे बसायचं, कधी उभं राहायचं, कुणाशी बोलावं लागणार आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असतं, आणि ते ऐकूनच निम्मी धास्ती जाते. धोतर-टोपी, नऊवारी, जो रोजचा चांगला पोशाख असेल तोच घालू द्या. नव्या बुटांनी टाचा सोलवटून घेत तीन तास काढण्यात काही अर्थ नाही.

गाऊन, उत्तरीय आणि निरांजन

पोशाख विद्यापीठागणिक वेगळा. कुठे काळा गाऊन, हूड (गळ्यातून पाठीवर सोडलेला पट्टा) आणि गोंड्याची चौकोनी टोपी, कुठे नुसतं उत्तरीय, कुठे कुर्ता-पायजमा आणि पगडी. पगडी कुठली, यावरून पुण्यात २०१९ च्या समारंभात घोषणाबाजीही झाली होती. आईबाबांचं काम त्यामानाने साधं: सेफ्टी पिना, इस्त्री, अनामत.

गाऊन भाड्याने मिळतो आणि अनामत रक्कम घेतात. पावती बाबांच्या पाकिटात ठेवा, कारण मुलं फोटोंच्या नादात पावती हरवतात आणि अनामत बुडते. बहुतेक गाऊन पॉलिएस्टरचे असतात. इस्त्री कमी तापमानावर, वर ओलसर सुती कापड टाकून, उलट्या बाजूने करा. गरम इस्त्री थेट टेकवली की कापड आक्रसतं आणि चकाकता डाग पडतो, तो जात नाही. हूड पाठीमागे जड असतो, म्हणून चालताना मागे ओढला जातो आणि पुढची कड गळ्याशी रुतते. त्याला पुढच्या बाजूला छोटी दोऱ्याची कडी असते, ती शर्टाच्या बटणात अडकवायची. साडीला किंवा कुर्त्याला बटण नसतं, तिथे आतून एक पिन आणि दोन्ही खांद्यांवर एकेक, अशा तीन पिना पुरतात. टोपी कपाळावर सपाट बसते, भुवईच्या दोन बोटं वर. उंच अंबाडा घातला तर ती मागून उचकटते, म्हणून अंबाडा मानेजवळ बांधा. गजराही खालीच माळा.

निघण्याआधी औक्षण करायचं असेल तर ते गाऊन घालण्यापूर्वी. हे आवर्जून सांगायला हवं, कारण फोटो चांगला येतो म्हणून हल्ली गाऊन घालूनच ओवाळतात. पॉलिएस्टरची लोंबती बाही निरांजनाच्या ज्योतीला लागली तर पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. पांढऱ्या उत्तरीयावर कुंकू सांडलं तर समारंभापुरता तो डाग निघत नाही. ताम्हणात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि तुपाचं निरांजन घ्या. मुलाला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवा. कुंकू लावून वर अक्षता लावा, मग सुपारी आणि अंगठी ओवाळा, नंतर निरांजन, आणि शेवटी तळहातावर दही-साखर. सगळं पाच मिनिटांत होतं. गाऊन त्यानंतर, किंवा त्याहून बरं म्हणजे समारंभाच्या ठिकाणी पोचल्यावर.

वडील हयात नसतील तर औक्षण आईनेच करावं. “मी कशी ओवाळू” म्हणून ती काकूला किंवा मावशीला पुढे करते, आणि घरातली मंडळी गप्प बसतात. ज्या बाईने एकटीने फिया भरल्या तिच्या हातात ताम्हण द्यायला कुठल्या शास्त्राची परवानगी लागत नाही. इथे थोरल्या माणसाने, शक्यतो आजीने, स्वतः ताम्हण उचलून तिच्या हातात द्यावं. चर्चा करू नये.

गेलेल्या माणसाची आठवण त्या दिवशी निघतेच. ती फाटकाशी, नाव पुकारण्याच्या दहा मिनिटं आधी काढली तर मूल मंचावर कोसळतं. म्हणून सकाळी घरीच बाबांच्या फोटोला नमस्कार, दोन शब्द, डोळ्यांतलं पाणी, सगळं होऊ द्या. फोटोची लहान प्रत पर्समध्ये ठेवा. समारंभानंतर मुलीला हवं असेल तर तिच्या हातात द्या, तिने मागितली नाही तर काढू नका.

रडू येणार, त्याची सोय

रडू कधी येतं हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. तीन जागा ठरलेल्या: मान्यवरांची मिरवणूक आत येते आणि सगळं सभागृह उभं राहतं तेव्हा, गाऊनमधल्या शंभर मुलांत आपलं मूल पहिल्यांदा ओळखू येतं तेव्हा, आणि नाव पुकारल्यावर. त्यातही दुसरी जागा सगळ्यांत अवघड, कारण तिची मनाने तयारी केलेली नसते.

रडण्यात वाईट काही नाही. अडचण होते ती इतकीच की त्या पाच-सात सेकंदांत डोळे भरून आले तर दिसायचं राहून जातं. म्हणून मिरवणुकीच्या वेळीच थोडं रडून घ्या, दाबून ठेवू नका. दाबलेलं रडू नेमकं नावाच्या वेळी फुटतं. घशात आवंढा आला की श्वास रोखला जातो आणि हुंदका वाढतो. त्यावर उपाय म्हणजे तोंडाने सावकाश, मेणबत्ती न विझवता फुंकर घालावी तसा श्वास सोडायचा, चार-पाच वेळा. पाणी जवळ असेल तर एकेक घोट घ्यायचा. सुती रुमाल न्या, कागदी टिश्यूचे तुकडे काजळात आणि दाढीच्या खुंटांत अडकतात.

आणि ज्याला रडू येणार हे नक्की, त्याच्या हातात कॅमेरा द्यायचा नाही. पदवीदानाचे अर्धे व्हिडिओ यामुळेच वाया जातात: नाव येतं, हात थरथरतो, फोन खाली जातो, आणि पुढच्या खुर्चीची पाठ रेकॉर्ड होते. घरातला सर्वांत कोरडा माणूस शोधा. मामा, मोठा भाऊ, नाहीतर शेजारी बसलेले दुसऱ्या मुलाचे बाबा. त्यांचं मूल मंचावर जाईल तेव्हा तुम्ही टिपायचं, तुमचं जाईल तेव्हा त्यांनी. हा सौदा अनोळखी माणसाशीही एका मिनिटात होतो.

टिपणाऱ्यासाठी नेमक्या सूचना. आदल्या रात्री फोनमध्ये किमान पाच जीबी जागा मोकळी करा, लेन्स सुती कापडाने पुसा, फ्लॅश बंद करा. फोनचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही, उजळतात ती फक्त पुढच्या रांगेतली डोकी. मंचावर प्रखर दिवे आणि प्रेक्षागृहात अंधार असतो, म्हणून फोन आपोआप सगळं उजळ करतो आणि चेहरे पांढरे फटक येतात. आपलं मूल यायच्या दोन-तीन जण आधी मंचावरच्या एखाद्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद झाल्याची खूण दिसेल, मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. फोन आडवा धरा. बोटांनी ओढून केलेला झूम दोन-तीन पटीच्या पुढे नेऊ नका, चित्र फाटतं. फोटो आणि व्हिडिओ दोन्हींच्या मागे लागलात तर दोन्ही जातात. व्हिडिओच काढा, आणि तो आधीच्या मुलाचं नाव पुकारताना सुरू करा, कारण बटण दाबेपर्यंत आपलं नाव होऊन जातं. व्हिडिओतून एक चौकट काढून फोटो करता येतो. शिवाय मंचावर संस्थेचा छायाचित्रकार असतोच. पुढून काढलेला खरा फोटो त्याचाच, त्यामुळे तो कुठे आणि कधी मिळणार हे बाहेर पडताना विचारून घ्या.

मंचाबाहेरचे फोटो उन्हाच्या हिशेबाने काढा. काळा गाऊन भर दुपारी नुसता काळा ठिपका दिसतो, म्हणून इमारतीच्या सावलीच्या कडेला उभं करा. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात जाणाऱ्यांना तिथला राजाबाई टॉवर फोटोत हवाच असतो. तो सुमारे ८५ मीटर उंच, आवारात उभं राहून चौकटीत मावतच नाही. ओव्हल मैदानात जा, तेही दुपारनंतर. मैदान टॉवरच्या पश्चिमेला आहे, सकाळी सूर्य टॉवरच्या मागे असतो आणि चेहरे काळवंडतात. जाता जाता मुलांना सांगायला हरकत नाही, की १८७८ साली पूर्ण झालेल्या या टॉवरला प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि नाव आपल्या आईचं दिलं.

कौतुक तोंडावर करा

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मुलांचं कौतुक सगळ्यांना सांगतात, फक्त मुलांना सोडून. ऑफिसात पेढे वाटताना बाबांचा ऊर भरून येतो, आणि घरी मुलीशी बोलताना “गाडी काढू का?” एवढंच बाहेर पडतं. शेफारेल ही जुनी भीती. बावीस वर्षांचं मूल एका वाक्याने शेफारत नाही.

काय बोलायचं हे आदल्या दिवशी ठरवा. तीन वाक्यं पुरेत. पहिल्यात नुसतं ‘छान’ न म्हणता त्याने केलेली एखादी नेमकी गोष्ट सांगा, जी तुम्ही पाहिली पण तेव्हा बोलला नाहीत: दुसऱ्या वर्षी केटी लागल्यावर, म्हणजे विषय राहिल्यावर, तो पहाटे पाचला उठायचा, किंवा तिने मेसचे पैसे वाचवून पुस्तकं घेतली. दुसऱ्या वाक्यात ते पाहून तुम्हाला काय वाटलं ते. तिसरं, “मला तुझा अभिमान वाटतो,” हे सरळ, थट्टेत न घालवता. बोलायची वेळ म्हणजे समारंभानंतर, जेवायला जाण्याआधी, दोघंच असताना, चालता चालता. हॉटेलात बारा जणांसमोर बोललात तर मूल अवघडतं आणि मावशी मध्येच पनीरची ऑर्डर देते.

ज्या बाबांच्या तोंडून शब्द फुटणारच नाही, त्यांनी लिहावं. एक पान, हाताने, वर तारीख. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश फोन बदलला की जातो, कागद पदवीच्या फाइलमध्ये राहतो. लिहून झाल्यावर एकदा वाचा आणि त्यातला हिशेब काढून टाका: किती फी भरली, कुठलं शेत विकलं, किती वर्षं नवे कपडे घेतले नाहीत. हे सगळं खरं असतं आणि मुलांना ठाऊकही असतं. पण त्या दिवशी ते मांडलं की पदवी म्हणजे फिटलेलं कर्ज वाटू लागते. “आमच्या कष्टांचं चीज केलंस” हे एकदा म्हटलं तर मुलालाही बरं वाटतं, दिवसभर म्हटलं की तो गप्प होतो.

टाळायचे प्रश्न दोनच: “आता पुढे काय?” आणि “अमक्याच्या मुलाला किती पॅकेज मिळालं?” नोकरी अजून लागलेली नसेल तर मुलासाठी हा दिवस आधीच जड असतो. सगळे मित्र गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रं घालून आलेले असतात. नातेवाईक विचारणारच, तेव्हा उत्तर आईबाबांनी द्यायचं, मुलावर सोडायचं नाही. “आज पदवीचा दिवस आहे, पेढा घ्या,” एवढं हसून म्हणा आणि पेढा खरोखर हातात ठेवा. तोंडात पेढा असला की पुढचा प्रश्न येत नाही.

घरात दुसरं मूल असेल, विशेषतः अभ्यासात मागे पडलेलं किंवा वर्ष गेलेलं, तर त्याला काम द्या: कॅमेरा, पास, गाडी. नुसतं टाळ्या वाजवायला बसवलं की तुलना त्याच्या डोक्यात आपोआप सुरू होते. “बघ, दादासारखं कर” हे त्या दिवशी एकदाही तोंडातून निघू देऊ नका, तुमच्याच नव्हे, आजोबांच्याही.

स्टेटस ठेवायचाच असेल तर फोटो मुलीला निवडू द्या. पदवीपत्राचा जवळून काढलेला फोटो टाकू नका, त्यावर पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, कधी क्यूआर कोड असतो. हातात गुंडाळी धरलेला फोटो टाका, तेवढं पुरतं.

पेढ्यांचा हिशेब: एक पेढा साधारण २० ते २५ ग्रॅमचा, म्हणजे किलोला ४० ते ५०. शिक्षक, प्रयोगशाळा सहायक, वसतिगृहाचे शिपाई, मेसच्या मावशी यांच्यासाठी अर्धा किलो वेगळा डबा करा. हा डबा मुलाने स्वतः नेऊन द्यायचा, आईबाबांनी मागे उभं राहून फक्त नमस्कार करायचा. उन्हाळ्यात साध्या खव्याचा पेढा गाडीत दिवसभर टिकत नाही. साताऱ्याचा कंदी पेढा जास्त भाजलेला असतो, प्रवासाला तोच बरा.

समारंभ परदेशात असेल तर

अमेरिकेत बहुतेक समारंभ मे महिन्यात, ब्रिटनमध्ये पदवीचे मुख्यतः जुलैत आणि मास्टर्सचे बरेचसे हिवाळ्यात. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला काही वेळा कित्येक महिने लागतात, त्यामुळे मुलाचं शेवटचं सत्र सुरू होण्याआधीच अर्ज भरा. विद्यापीठाचं निमंत्रणपत्र जोडायला चांगलं, पण त्याच्यावर व्हिसा मिळत नाही. मुलाखतीत विचारतात ते तुम्ही परत येणार का आणि खर्च कोण करणार. उत्तरं छोटी आणि खरी द्या, मुलीच्या हुशारीचं वर्णन तिथे कुणी मागत नाही. ते सांगायचा मोह मात्र होतोच.

तिथेही दोन समारंभ असतात: सगळ्या विद्यापीठाचा मोठा, बहुधा स्टेडियममध्ये, आणि विभागाचा किंवा शाखेचा छोटा, ज्यात नाव घेतात. एकालाच जाणं जमणार असेल तर छोट्याला जा. नाव घेणाऱ्याला ‘ऋतुजा’ किंवा ‘ज्ञानेश’ वाचता येत नाही. उच्चाराचं कार्ड भरायचं किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवायची सोय अनेक ठिकाणी असते. मुलं “चालतं” म्हणून सोडून देतात. तुम्ही मागे लागा. ठेवलेलं नाव एकदा तरी नीट ऐकू यावं. बऱ्याच स्टेडियमांत पारदर्शक पिशवीच चालते, साधारण १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची. चामडी पर्स आणि पितळी डबा गाडीत ठेवून या. नाव आलं की ओरडायची तिथे मुभा असते, पण तीन सेकंदांत थांबा, नाहीतर पुढच्या मुलाचं नाव त्याच्या आईला ऐकू येत नाही.

घरच्यांना लिंक पाठवताना भारतीय वेळच कळवा. मे महिन्यात न्यूयॉर्कला सकाळी दहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, शिकागोला दहा म्हणजे साडेआठ, कॅलिफोर्नियात दहा म्हणजे रात्रीचे साडेदहा. जुलैत लंडनला सकाळी अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. व्हिसा मिळाला नाही किंवा खर्च झेपला नाही तर इथे घरीच बैठक करा: टीव्हीला लिंक जोडा, शेजारच्यांना बोलवा, नाव आल्यावर टाळ्या वाजवा, आणि त्या टाळ्यांचा व्हिडिओ काढून मुलाला पाठवा. तो त्याच्या समारंभाच्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळा पाहील.

कागद घरी आल्यावर

पदवी हातात पडली की सभागृह सोडण्याआधी वाचा. नाव दोन्ही लिप्यांत, आईचं नाव, विषय, श्रेणी, परीक्षेचा महिना आणि वर्ष. चूक दिसली तर तिथल्याच कक्षात अर्ज द्या आणि पोच घ्या. सहा महिन्यांनी तेच काम चार खेपांचं होतं. काही ठिकाणी मंचावर नुसती रिकामी गुंडाळी देतात आणि खरा कागद खाली टेबलावर सही करून घ्यायचा असतो, तो घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.

लॅमिनेशन करू नका. बाबांचा उत्साह इथेच नडतो: त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पदवी प्लास्टिकमध्ये कायमची बंद करून आणतात. परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणीकरण, लागलं तर शिक्का आणि स्टिकर मूळ कागदाच्या मागे लावतात, लॅमिनेशनवर तो बसत नाही. उष्णतेने होलोग्राम आणि उठावाची मोहोरही बिघडते. काढायला गेलं तर कागद फाटतो, मग दुय्यम प्रतीसाठी अर्ज, शपथपत्र, फी, सगळं आलं. मूळ कागद न दुमडता, उभ्या-आडव्या घड्या न घालता, प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवू नका. दोन्ही बाजू ३०० डीपीआयवर स्कॅन करा, डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये विद्यापीठाने पदवी चढवली आहे का ते मुलाला पाहायला सांगा. दिवाणखान्यात लावायला फ्रेम हवीच असेल तर चांगल्या जाड कागदावर रंगीत प्रत काढून ती लावा. पाहुण्यांना फरक कळत नाही.

गाऊन परत करायची तारीख पावतीवर लिहिलेली असते. परत करण्याआधी खिसे तपासा, त्यांत पेढ्याचे कागद आणि कधी कधी अंगठीही सापडते.